बॅटरीवाले खरशीकर

डॉ. खरशीकरांचा विषय निघाला की मला आधी त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख आठवतं. लांब वाढवलेलं, तपकिरीने पिवळं पडलेलं आणि मधोमध चिरलेलं. त्या नखाने ते तपकीर उचलत, सुपारी खरवडत, दातात अडकलेलं काढत. आणि त्याच नखाने बेडकाच्या मांडीतली पांढरी नस अशी अलगद मोकळी करत की बघणाऱ्याने श्वास रोखून धरावा. काम झालं की नख कोटाला पुसत. तो कोट मूळचा पांढरा होता असं त्यांचा कंपाउंडर दत्तोबा शपथेवर सांगे. दत्तोबा खोटं बोलणारा माणूस नव्हता, म्हणून आम्ही मानत होतो.

साताऱ्यात त्यांना खरशीकर असं कोणी म्हणत नसे. 'बॅटरीवाले डॉक्टर' म्हटलं की टांगेवाला पुढे काही न विचारता त्यांच्या बोळाच्या तोंडाशी आणून सोडी. दवाखान्यात औषधाच्या बाटल्या मोजक्याच. मधोमध एका स्टुलावर सागवानी पेटी. तिचं झाकण उघडलं की पितळेच्या खुंट्या, तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि सूत गुंडाळलेल्या दोन तारांच्या टोकांना मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याच्या दोन गाद्या. खुंटी फिरवली की पेटी गांधीलमाशीसारखी गुणगुणायची. गाद्या माणसाच्या अंगावर टेकवल्या की त्या जागचा स्नायू आपोआप आखडे, उडे, नाचे. ती फडकी बदललेली मी कधी पाहिली नाहीत. एकाच्या खरजेवरून निघालेली गादी दुसऱ्याच्या गालावर जाई. मी तिकडे पाहतोय असं दिसलं की ते हसून म्हणत, "मास्तर, विजेत सगळं शुद्ध होतं." हे साफ खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक होतं.

मी तेव्हा साताऱ्याच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो. लढाई चालू होती. रॉकेलला रांगा, साखरेला रांगा. खेड्याखेड्यातली तरणी माणसं फौजेत गेलेली, आणि पोस्टमन दिसला की आयाबायांच्या काळजात धस्स व्हायचं. शाळेत प्रयोगाचं सामान म्हणजे एक तराजू, दोन फुटके चंबू आणि एक लोहचुंबक. अशात कोणीतरी सुचवलं की बॅटरीवाल्यांना व्याख्यानाला बोलवा. मी जाऊन बोलावलं.

ते आले ते एका घंगाळात बेडूक घेऊनच. वर ओलं गोणपाट. टेबलावर पेटी मांडली, शेजारी फळ्याच्या खुंटीला पितळेची वाटी दोऱ्याने टांगली. मग पाठ फिरवून दोन मिनिटांत त्यांनी बेडकाचा निकाल लावला आणि मुलांकडे वळले तेव्हा त्यांच्या हातात कातडी सोललेला एक पाय होता. पुढच्या बाकावरच्या एका मुलाला ओकारी आली. त्याला बाहेर नेईपर्यंत ते शांतपणे तपकीर ओढत उभे राहिले.

आणि मग ते बोलायला लागले. मला एवढं मान्य करावंच लागतं की तसं बोलणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

"पोरांनो, माझं ऐकू नका. बघा!" ही त्यांची सुरुवात. हे त्यांचं पालुपदच होतं. "आपल्याकडे म्हणतात, अमक्याच्या अंगावरून वारं गेलं. वारं जाईल कुठून? अंगाला काय खिडक्या आहेत? वारं नव्हे, वीज. नसेच्या आतही खारट पाणी, बाहेरही खारट पाणी, पण आतल्या आणि बाहेरच्या अंगात विजेचा फरक आहे. नस गप्प असते तेव्हा तो फरक ताणून धरलेला असतो. तुमचं बोट तव्याला लागलं की त्या जागी तो ढळतो. तिथे ढळला की शेजारची जागा ढळते, मग तिच्या शेजारची. दिवाळीची माळ जशी फटाक्यावरून फटाक्यावर पेटत जाते तशी. माळ एकदा उडाली की संपली. नस मात्र लगेच पुन्हा भरते. म्हणून तर तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा भाजून घ्यायला मोकळे!"

मुलं हसली. ते पुढे म्हणाले, "आणि नस हळू बोलत नाही, ओरडतही नाही. तिचा आवाज एकच. कोमट लागलं तर ती सावकाश सांगते, चटका बसला तर तेच भराभर सांगते. वर जाणाऱ्या नसा बातमी नेतात, खाली येणाऱ्या हुकूम आणतात. बातमी गेली नाही तर कळत नाही, हुकूम आला नाही तर हलत नाही. आणि दरबार इथे." त्यांनी नखाने स्वतःच्या कपाळावर टिचकी मारली. "त्यात गंमत अशी की डावा दरबार उजव्या अंगावर राज्य करतो आणि उजवा डाव्यावर. का? ते देवाला विचारा."

मग त्यांनी तारेची टोकं त्या पांढऱ्या नसेला लावली. पाय उडून वाटीवर आदळला आणि वाटी ठण्ण वाजली. सगळा वर्ग दचकला.

"हा बेडूक मेलेला आहे," ते म्हणाले. "त्याला डोकं नाही. दरबार उठला. आता हुकूम देतोय मी." ठण्ण. "पाय सांगतो, मी धड आहे. नस सांगते, मी धड आहे. बेडूक काय म्हणतो?" ते थांबले. "बेडूक आहेच कुठे?" ठण्ण.

टाळ्यांनी छत उडायची वेळ आली. खरशीकर टाळ्या संपेपर्यंत हलले नाहीत. त्यांची नजर पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत सावकाश फिरली, कोण वाजवतंय आणि कोण नाही ते बघत. मग शिक्षकांच्या खोलीत येऊन त्यांनी ती वाटी कोटाच्या टोकाने पुसली, तिच्यात ताक ओतून घेतलं आणि घटाघटा प्यायले. आमच्या हेडमास्तरांनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

तरीही मी त्यांच्याकडे जायला लागलो. मला ज्ञानाची भूक होती आणि गावात ते दुसरीकडे मिळत नव्हतं. संध्याकाळी दवाखान्यात बसायचं, ते सांगतील ते ऐकायचं आणि घरी येऊन आंघोळ करायची, असा माझा नेम झाला. बायको म्हणायची, "आवडत नाही तर जाता कशाला?" तिचं म्हणणं बरोबर होतं. पण खराब आंब्याची फोड जशी थुंकून टाकतो आणि पुन्हा चव आठवत बसतो, तसं माझं झालं होतं.

एकदा म्हसवडकडचा एक धनगर बायकोला घेऊन आला. बाईचं तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, डोळा मिटत नव्हता, पाणी गालावरून ओघळत होतं. गावात कोणीतरी कानामागे तापल्या विळ्याचा डाग दिला होता. तो चिघळून त्याला घाण सुटली होती. खरशीकरांनी डाग बघितला आणि धनगरावर असे उखडले की काही विचारू नका. "अरे, बाई आहे का मेंढरू? डाग देऊन नस सुधारते होय रे? कुठल्या शहाण्याने सांगितलं?"

धनगर बिचारा हात जोडून उभा. "चुकलं जी. आमी आडानी मानसं. पर आता तुमीच बघा."

पंधरवडाभर बाईच्या गालावर बॅटरी चालली. गाल उडे, ती कळवळे, नवरा तिचा हात धरून बसे. हळूहळू तोंड सरळ आलं, डोळा मिटायला लागला. शेवटच्या दिवशी धनगर एक कोकरू घेऊन आला आणि पेटीला हळद-कुंकू लावून तिच्यापुढे त्याने नारळ फोडला. "सिद्धनाथानंतर ह्योच देव," तो म्हणाला. खरशीकरांनी पेटी पुसली नाही. कुंकवाचे ओघळ पुढे कितीतरी महिने तसेच होते.

ते नवराबायको गेल्यावर मी म्हणालो, "काय विलक्षण गुण आला!"

ते दात कोरत म्हणाले, "ह्या दुखण्यात दहातली आठ तोंडं आपोआप सरळ होतात, मास्तर. मी नुसता हात हातात घेऊन बसलो असतो तरी झालं असतं."

"मग बाईला एवढे चटके कशाला दिलेत?"

"नुसतं बसलो असतो तर कोकरू आणलं असतं का त्याने?"

विळ्याचा डाग देणाऱ्याला निदान आपण काय करतो ते कळत नव्हतं. हा माणूस सगळं कळून डाग देत होता. मला तेव्हाच उठून जावंसं वाटलं, पण त्यांनी त्याच दमात चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या बोळकांडीतून कशी येते आणि तिथे सुजली तर कशी चेपते ते सांगायला घेतलं, आणि मी बसलो.

आता शिवरामची गोष्ट सांगतो. कोरेगावजवळच्या एका गावचा हा फौजी. गावाचं नाव घेत नाही, तिथली माणसं अजून आहेत. त्याचा बाप पहिल्या लढाईतला हवालदार, गाव त्यांना आबा म्हणे. उसाचे चार वाफे, हळद, दारात बैल, भिंतीवर फ्रेम केलेली पदकं. तोंडातून शब्द निघाला की गाव ऐकायचं. शिवराम लढाई संपता संपता घरी आला तो उजवा हात लुळा घेऊन. डोक्याच्या डाव्या बाजूला बॉम्बचा एक बारीक कपचा लागला होता. जखम केव्हाच भरली होती, वर केस आले होते. हात मात्र बाजूला लोंबत राहिला.

गाव म्हणालं, मार लागला डोक्याला आणि गेला हात? आणि तोही दुसऱ्या बाजूचा? डाव्या डोळ्यात कचरा गेला तर उजवा पाय लंगडतो का कधी? चावडीवर असले विनोद व्हायला लागले. त्या गावाची रीत अशी होती की लढाईवरून परत आलेल्या माणसाने चैत्रातल्या जत्रेत सासनकाठी पहिली उचलायची. तो उंच वेळू दोन्ही हातांनी पोटाशी तोलून देवळापुढे नाचवायचा. शिवराम म्हणाला, मला उचलत नाही. जत्रेत काठी दुसऱ्याच्या हातात गेली, आणि मग कुजबुज उघड झाली. गोऱ्या डॉक्टरला फसवून पळून आलाय म्हणे. भित्रा आहे म्हणे.

आबांना ते सहन होईना. लेकाचा हात गेल्याचं दुःख त्यांनी गिळलं असतं, पण लेक भित्रा आहे की काय ही शंका त्यांच्या घशाखाली उतरेना. ते साताऱ्याला आले आणि खरशीकरांच्या उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "आवं डागदर, पोर माझं खरं बोलतंय का खोटं, येवढंच मला कळू द्या. दुसरं कायबी मागत न्हाई."

"माझ्याकडून ऐकू नका," खरशीकर म्हणाले. "गावासमोर बघा."

मीही बरोबर गेलो. देवळाच्या पटांगणात गाव लोटलं होतं. बायका जोत्यावर, पोरं पिंपळावर. शिवराम मधे एका बाजल्यावर बसलेला, अंगात फौजेतली खाकी बंडी, डोक्यावर टोपी. मी त्याच्याजवळ गेलो तेव्हा तो हळूच म्हणाला, "मास्तर, म्या उचलाय लय बघतो. पर हुकूम खाली येतच न्हाई. ह्यो हात माझा हाय असं वाटतच न्हाई मला."

मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "डॉक्टर, डोक्याला मार आहे त्याच्या. डाव्या बाजूला."

"बघतो की," ते म्हणाले. त्यांनी शिवरामची टोपी काढली, केस बाजूला केले आणि ते पिवळं नख कातडीवरून फिरवलं. एका जागी ते थांबलं. मी अगदी जवळ होतो. नख किंचित आत गेलं. क्षणभर खरशीकरांच्या डोळ्यांत तीच चमक आली जी बेडकाची नस सापडली की यायची. मग त्यांनी टोपी नीट घातली आणि लोकांकडे वळून म्हणाले, "जखम भरलेली आहे. आता बघा!"

पेटी गुणगुणायला लागली. गाद्या दंडाला लागल्या आणि शिवरामचा लुळा हात कोपरात वाकून छातीपर्यंत उसळला. गाद्या खाली सरकल्या, बोटं आवळली, मूठ झाली. पुन्हा खुंटी, पुन्हा उसळी. पटांगणात एकदम 'अरारारा' उठलं. शिवराम आपल्या हाताकडे दुसऱ्या कुणाच्या हाताकडे बघावं तसा बघत होता.

"हात धड आहे," खरशीकर म्हणाले. "नस धड आहे. दोन्हींत काही खोट नाही."

एवढंच बोलले. पुढचं गावाने बोलून टाकलं. कोणी शिट्टी मारली, कोणी 'सोंगाड्या' म्हणून ओरडलं, आणि मग टाळ्या सुरू झाल्या. खरशीकर तसेच उभे राहिले आणि त्यांची नजर पहिल्या रांगेपासून पिंपळावरच्या पोरांपर्यंत सावकाश फिरली.

आबा उठले. त्यांचा आवाज मोठा झाला नाही. "माझ्या घरात मानसं ऱ्हातात," ते म्हणाले. "सोंगाला जागा न्हाई."

शिवराम म्हणाला, "आबा, देवाशपथ, खोटं न्हाई." आबांनी मान फिरवली.

त्यानंतर आबांच्या पडवीत आम्हाला जेवण होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. मी दोन घास चिवडले. खरशीकर मात्र मांडी ठोकून जेवले. तांबडा रस्सा कोपरापर्यंत ओघळत होता, नळी चोखल्याचा आवाज अंगणात जात होता, आणि त्या अंगणातून शिवराम डाव्या हाताने वळकटी खांद्यावर टाकून जाताना मला दिसला. तो खंडाळ्याला बहिणीकडे गेला असं मागून कळलं. जेवणं झाल्यावर खरशीकरांनी पाचही बोटं एकेक करून चाटली, नख शेवटी. मी आयुष्यात पुष्कळ घाण पाहिली आहे, पण त्या क्षणाइतकी शिसारी मला कधी आली नाही.

कोरेगावच्या वाटेवर टांग्यात मी विषय काढला.

"डॉक्टर, हायस्कुलातला बेडूक मेलेला होता."

"होता की."

"त्याचा पाय उडाला."

"उडणारच. ताजा होता."

"मग हात उडाला म्हणून शिवराम खोटा कसा ठरला?"

त्यांनी ढेकर दिली. "मी त्याला खोटा म्हटलं? आठवून बघा, मास्तर. मी म्हटलं हात धड आहे, नस धड आहे. चुकीचा एक शब्द दाखवा."

"डोक्यात खड्डा आहे. तुमच्या नखाला लागला, मी पाहिलं."

"लागला ना! चिंचोका बसेल एवढा. नेमका हाताच्या जागेवर." त्यांचा चेहरा खरोखर उजळला. "काय सुंदर केस आहे! दरबाराचा तेवढाच कोपरा गेलाय. खालचं सगळं शाबूत."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? डावीकडे लागलं की उजवीकडचं जातं, हे त्या गर्दीला सांगू? हसली असती मला. मास्तर, शंकेपुढे कोणी नारळ फोडत नाही. हात वर गेला, लोकांनी बघितलं, काम झालं." आणि ते दात कोरायला लागले.

मी टांगा थांबवला आणि उतरलो. उरलेली वाट चालत गेलो. अडाणी माणसाचा मला राग येत नाही. लबाड माणसाचा येतो, पण तोही मी समजू शकतो, त्याला काहीतरी हवं असतं. या माणसाला सत्य तोंडपाठ होतं, ते सत्य फार देखणं आहे हेही कळत होतं, आणि टाळीसाठी त्याने ते ताटातल्या हाडासारखं चोखून बाजूला टाकलं होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्या बोळात पाऊल टाकलं नाही.

आठवड्याभराने मी पुन्हा त्या गावी गेलो. आबा मळ्यात हळद शिजवत होते. काहिलीतून वाफा येत होत्या. मी त्यांना बेडकाचं सांगितलं, दरबाराचं सांगितलं, खरशीकर टांग्यात काय म्हणाले तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि काहिलीखाली एक लाकूड सारलं.

"मास्तर, तुमी चांगली मानसं," ते म्हणाले. "पर तुमी ऐकल्यालं सांगताय. म्या ह्या डोळ्यानं बघितलंय."

मी आल्या वाटेने परतलो.

पुढे माझी सांगलीला बदली झाली. संस्थान विलीन झालं त्याच्या आसपासची गोष्ट. एके दिवशी शाळेतल्या एका सहकाऱ्याने बातमी दिली की साताऱ्याचे बॅटरीवाले डॉक्टर इथे धाकट्या भावाकडे आणून ठेवलेत, अंगावरून वारं गेलं. मी बघायला गेलो. काळजीने गेलो असं म्हणणार नाही.

वकील भावाचं घर मोठं होतं. माजघरात पलंगावर खरशीकर, अर्धा चेहरा ओघळून एक डोळा झाकलेला, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, उजवा हात रजईवर ठेवून दिलेला. वाचा गेली होती. इतकं बोलणाऱ्या माणसापाशी एकच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी "बघा", दुखलं तरी "बघा", माणूस ओळखला तरी "बघा". स्टुलावर ती सागवानी पेटी होती, कुंकवाचे ओघळ तसेच. दत्तोबा मालकाबरोबर साताऱ्याहून आला होता. रोज संध्याकाळी तो खुंटी फिरवी, गाद्या लावी, आणि मेलेला हात छातीपर्यंत उसळे. भेटायला आलेली माणसं खूष होत. "सुधारणा आहे हो!" "परवापेक्षा आज जास्त उचलला!" खरशीकर हसायचा प्रयत्न करत आणि एका डोळ्याने सगळ्यांकडे बघत. हाताला हुकूम देणारा कोपरा कायमचा विझला आहे हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक असणार, मला आणि त्यांना. त्यांना अजून ठाऊक होतं की नाही हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मी तिथून निघालो आणि दुसऱ्या दिवसापासून आबांच्या शोधात हळदीच्या पेठेत चकरा मारायला लागलो. हंगाम चालू होता. गावोगावची हळद येऊन पडत होती, माणसं डोक्यापासून पायापर्यंत पिवळी. आबा मला तिथे सापडले. खांदे उतरले होते, मिशी पांढरी झाली होती. शिवरामचं विचारलं तर म्हणाले, "हाय खंडाळ्याला. माझा त्याचा संबंध न्हाई." पण हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खरशीकरांचं सांगितलं तेव्हा मात्र हळहळले. "आरारा! तसल्या देवमानसाला वारं गेलं? चला, पायावर डोकं ठिवून येतो." वाटेत त्यांनी एक नारळ घेतला.

आम्ही पोचलो तेव्हा रोजचा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. आबांनी नारळ पलंगापाशी ठेवला, हात जोडले. दत्तोबाने पेटी उघडली. तीच गुणगुण. गाद्या दंडाला लागल्या, हात कोपरात वाकून छातीपर्यंत उसळला. गाद्या खाली सरकल्या, मूठ आवळली. ते वाढलेलं पिवळं नख तळव्यात रुतलं.

"बघा," खरशीकर म्हणाले.

आबा बघत होते. दत्तोबाने खुंटी बंद केली आणि हात धपकन रजईवर पडला. त्याने पुन्हा फिरवली. पुन्हा उसळी, पुन्हा धप.

"मास्तर," आबांनी मला हळू विचारलं, "ह्येंचा हात खरंच गेलाय न्हवं?"

"गेलाय."

"सोंग न्हाई ना ह्ये?"

"नाही. त्यांना घासही भरवावा लागतो."

"मग उडतोय कसा?"

याचं उत्तर मी त्यांना काहिलीपाशी देऊन चुकलो होतो. आबा पलंगाजवळ गेले, वाकून त्या पडलेल्या हाताचं मनगट धरलं, उचललं आणि सोडून दिलं. धप.

"माझं पोर देवाची शपथ घेत हुतं," ते म्हणाले. ते कोणाला उद्देशून बोलत नव्हते. "मी तोंड फिरवलं."

"बघा," खरशीकर म्हणाले.

"बघितलं," आबा म्हणाले. "दोनदा बघितलं." त्यांनी पलंगापाशी ठेवलेला नारळ उचलला आणि धोतराच्या सोग्याने पुसला. वकील महाशय पुढे आले, पण आबांचा चेहरा पाहून बाजूला झाले. आबा दारापर्यंत गेले आणि वळून मला म्हणाले, "मास्तर, खंडाळ्याला जायाला मोटार कवा हाय?"

"पण आबा, हळद पेठेत पडलीय तुमची!"

"पडू द्या," ते म्हणाले आणि गेले.

त्यांच्यामागे निघताना मी उंबऱ्यातून एकदा वळून पाहिलं. दत्तोबा तारा गुंडाळत होता. भेटायला आलेली माणसं अवघडून एकमेकांकडे बघत होती, आज कोणी 'सुधारणा आहे' म्हटलं नव्हतं. खरशीकरांचा तो एक डोळा या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर सावकाश फिरत होता, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. कोणीच हललं नाही. तेव्हा त्यांनी आपला धड असलेला डावा हात उचलला आणि रजईवर पडलेल्या मेलेल्या उजव्या हातावर आपटला. एकदा, मग पुन्हा, मग भराभर.

ते टाळी वाजवत होते.